मदतनीस कुणाचे?

दोस्तांनो, शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं कॉलेज उभं राहतं. सिद्धार्थ, मिलिंद, होस्टेलची मेस, अडकलेली स्कॉलरशिप, १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं रक्त सांडून लढलेलं नामांतर. त्यावर आपण बोललो, लिहिलं, लाठ्या खाल्ल्या. ते बरोबरच होतं. पण तीन वर्षांचं पोर सकाळी दहाला बालवाडीत जाऊन बसतं, तिथं त्याच्या डोक्यात काय घातलं जातं आणि काय काढून घेतलं जातं, ह्यावर आपण एक साधं पत्रक तरी काढलंय का? चौकातल्या फळ्यावर दोन ओळी? नाही काढल्या. बालवाडी म्हणजे बायकांचं खातं. बडबडगीतं, शेंबूड आणि खिचडी. क्रांतीचा आणि शेंबडाचा संबंध काय, असंच आपल्याला वाटत आलंय.

मलाही तसंच वाटायचं. मागच्या पावसाळ्यात बहीण आजारी पडली आणि भाचीला अंगणवाडीत पोचवायचं काम माझ्या गळ्यात आलं. वस्ती गोवंडीच्या पुढची, देवनार डम्पिंगच्या अंगाला लागून. मुंबईचा कचरा इथं १९२७पासून येतो, आणि कचऱ्यामागनं माणसं आली ती आपलीच, शिवाय मुसलमान, शिवाय दुष्काळानं हाकललेली. मी पोरीला दारात सोडून पळणार होतो. टीचर म्हणाली, "भाऊ, बसता का जरा? मदतनीस आली नाय आज. तिच्या पोराला ताप हाय. सव्वीस पोरं हायेत, मला एकटीला आवरत न्हायती."

बसलो. दहा ते दोन.

खोली दहा बाय बारा. भाड्याची. वर पत्रा, पत्र्यावर पाऊस, त्यामुळं टीचरला जे सांगायचं ते ओरडून सांगावं लागतं. पंखा आहे, तो लाइट असेल तर फिरतो. संडास नाही. पोराला लागली की दोन गल्ल्या पलीकडं पैसे भरून जायचं, नाहीतर गटारावर. कोपऱ्यात वजनकाटा, रजिस्टरांची चवड, एका खोक्यात रंग उडालेले ठोकळे. आणि भिंतीवर तक्ता. हजेरी झाली, प्रार्थना झाली, हातपाय हलवायची दोन गाणी झाली आणि टीचरनं छडी उचलली, मारायला नाही, तक्ता दाखवायला.

ग गणपतीचा. भ भटजीचा. य यज्ञाचा. ऋ ऋषीचा. क्ष क्षत्रियाचा.

ह्या तक्त्यावर तुम्हीही शिकलात, मीही शिकलो. तेव्हा कळलं नाही. भंगारवाल्याच्या आणि झाडूवाल्याच्या पोरांनी भरलेल्या खोलीत मोठ्या माणसानं बसून तो पुन्हा वाचला की कळतं. अख्खी वर्णव्यवस्था बाराखडीत नीट जागच्या जागी मांडून ठेवलीय. भटजी आहे, क्षत्रिय आहे, ऋषी यज्ञाला बसलाय. शूद्राचा श तेवढा गायब. तिथं शहामृग उभं केलंय. आणि छापणाऱ्याच्या मनात कपट असेल असं मी म्हणत नाही. त्याला दुसरं काही सुचलंच नाही, एवढंच. त्याच्या घरात भटजी येत होता, म्हणून भ भटजीचा. आमच्या घरात कोण येतं हे त्याला कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात माझ्या भाचीच्या शेजारचं एक पोरगं बोललं, "टीचर, भ भीमाचा." सगळी पोरं ओरडायला लागली, भ भीमाचा, भ भीमाचा. टीचर हसली. आपल्यातलीच बाई. पण हसताना तिनं दाराकडं बघितलं, सुपरवायझर तर नाही ना आली! मग म्हणाली, "हो, भीमाचा पण. आता पुढचा."

मला टाळी वाजवावीशी वाटली. पण आपल्यातल्या पुष्कळांची गाडी ह्याच ठेसनावर थांबते. भटजीचं चित्र फाडलं, तिथं बाबासाहेबांचं लावलं, फोटो काढला, फेसबुकवर टाकला, झाली सांस्कृतिक क्रांती! लावा चित्र, जरूर लावा. पण पोर त्याच मांडीवर, तशीच मान हलवत, तेच घोकत राहणार असेल, आणि तक्त्यावरून वळून आपल्या गल्लीतल्या एकाही वस्तूचं नाव त्याला लिहिता येणार नसेल, तर बदललं ते चित्र. पोरगं तिथंच राहिलं. ज्या माणसानं विभूतिपूजेचा आयुष्यभर राग केला त्याला आपण घोकंपट्टीत बसवणार का?

त्या तक्त्यात ण बाणाचा आहे. हा बाण कुठं लागतो ते मी त्याच तासाला पाहिलं. एका पोरीनं उठून सांगितलं, "टीचर, पानी." टीचर म्हणाली, "पानी न्हाय बोलायचं. पाणी. बोल, पाणी." पोरगी "पानी". पुन्हा "पाणी". पोरगी "पानी". तहानलेलं लेकरू तीन वेळा उच्चार सुधारून घेत होतं आणि तांब्या टीचरच्या हातात होता. टीचर स्वतः पाच मिनिटांपूर्वी "न्हायती" म्हणाली होती मला! तिच्या शाळेत तिलाही कुणीतरी असंच उभं केलं असणार. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेतली गोष्ट लिहून ठेवलीय : नळाला हात लावायचा नाही, शिपायानं तोटी फिरवली तर पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. आता तोटी मोकळी आहे म्हणतात. गोवंडीत मी पाहिलं ते असं की पाणी मिळतं, पण आधी शुद्ध व्हावं लागतं. मी टीचरला नंतर म्हटलं हे. ती रागावली नाही. म्हणाली, "भाऊ, उद्या म्युनिसिपालटीच्या शाळेत पोरगी पानी बोलली तर हसतील तिला. मी शिकवलं न्हाय तर शिव्या मलाच." ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. दोन्ही बोली शिकवा, एक घरची एक बाजारची, आणि आधी पाणी द्या, एवढंच मला सुचतं.

मग ठोकळे निघाले. लाल एकीकडं, पिवळे एकीकडं, हिरवे एकीकडं. ह्याला वर्गीकरण म्हणतात. गणिताच्या आधीचं गणित. बालशिक्षणाचं कुठलंही पुस्तक उघडा, हे सापडेल. आणि इथं मी चाट पडलो. साडेचार वर्षांचं एक पोरगं, नाकातून पिवळी धार, त्यानं एका मिनिटात ठोकळे वेगळे केले आणि मग आपल्याआपण दुसऱ्या रीतीनं मांडले : तडा गेलेले एकीकडं, शाबूत एकीकडं, लाकडी वेगळे, प्लॅस्टिकचे वेगळे. प्लॅस्टिकमध्ये पुन्हा कडक आणि नरम. नखानं दाबून बघत होतं. टीचर म्हणाली, "ह्याची आई डम्पिंगवर जाते. हा संगं असतो." पाण्याची बाटली वेगळी, तिचं बूच वेगळं, पुठ्ठा सुका वेगळा, ओला वेगळा, ह्या सगळ्याचा भाव वेगळा. हे पोर घरी रोज वर्गीकरण करतं. अंगणवाडीच्या रजिस्टरात मात्र त्याच्या नावापुढं एकच रकाना : रंग ओळखतो. बरोबरची खूण.

आता इथं आपल्यातला एखादा कवी लगेच भरून येईल आणि कचऱ्यातून उगवलेल्या प्रज्ञेवर ओळी पाडील. थांब बाबा. ते पोरगं हुशार आहे हे खरं, आणि ते साडेचारव्या वर्षी मजुरी करतंय हेही खरं. काचेनं कापलेल्या त्याच्या बोटांवर चिंध्या होत्या. त्याच्या हुशारीवरच धडा उभा करायला पाहिजे आणि त्याच वेळी त्याला डम्पिंगवरून खाली आणायला पाहिजे. ही दोन्ही कामं एकदम करणारी बालवाडी आपल्याकडं नाही. एक तर त्याला अननस शिकवते, जो त्यानं खाल्लेला नाही, नाहीतर त्याच्या गरिबीचं कौतुक करून त्याला तिथंच ठेवते.

अकराच्या सुमारास टीचरनं दुसरा तक्ता काढला. माझा हा लेख ज्यासाठी आहे तो तक्ता हाच. वर मोठ्या अक्षरात : आपले मदतनीस. डॉक्टर, पोस्टमन, पोलीस, शेतकरी, शिंपी, सफाई कामगार. "हे कोण?" पोस्टमन एकालाही ओळखता आला नाही. त्यांच्या गल्लीत पोस्टमन येत नाही, घरांना धड नंबर नाहीत. डॉक्टरला म्हणाली "सुई". पोलिसाच्या चित्राला दोघं-तिघं मागं सरकली. आणि झाडू घेतलेल्या माणसाच्या चित्रावर छडी टेकली तशी एक पोरगं ताडकन उभं राहिलं, छाती पुढं काढून, "माझा पप्पा!"

दोस्तांनो, त्या पोराचा चेहरा मी विसरणार नाही. भिंतीवर छापलेल्या कागदात त्याला आपल्या घरचं माणूस पहिल्यांदा सापडलं होतं. टीचर म्हणाली, "शाब्बास. पप्पा आपले मदतनीस आहेत. आपण त्यांना काय म्हणायचं? थँक्यू." सव्वीस पोरं ओरडली, थँक्यू. मग तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, मोठेपणी कोण होणार? डॉक्टर, पोलीस, टीचर, पुन्हा पोलीस. ह्याची पाळी आली. "पप्पा."

खोली गप्प झाली नाही, पोरं कशाला गप्प होतील. मी आणि टीचर गप्प झालो. काय सांगायचं त्याला? तुझ्या बापाचं काम हलकं आहे, ते करू नको? मग आताच फुगलेली छाती जाईल. वा, छान, हो बापासारखा? मग आपण कशाला जन्माला आलो? त्याचा बाप ठेकेदाराकडं आहे. गमबूट नाही, हातमोजे नाहीत, पगाराचा कागद नाही. हातानं मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३चा, पुन्हा नवा कायदा २०१३चा, आणि गटारात उतरून गुदमरून मेलेल्यांची बातमी अजून वाचायला लागते. ज्याचा बाप परमनंट आहे त्याची आणखी एक गंमत आहे. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशीनं सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. वारसा हक्क. वस्तीत लोक त्यासाठी वर्षानुवर्षं ऑफिसांत खेटे घालतात, आणि मी त्यांना हसणार नाही, परमनंट नोकरी आहे, घर चालतं. पण बघा तर खरं! ह्या राज्यात डॉक्टरच्या पोराला 'नीट' परीक्षा द्यावी लागते, क्लास लावावा लागतो. झाडूवाल्याच्या पोराला बापाचा झाडू परीक्षेशिवाय मिळतो. तक्त्यापुढं उभं राहून "पप्पा" म्हणणारं पोर चुकीचं काही बोललेलं नव्हतं. त्यानं शासन निर्णय वाचून दाखवला.

हाच तक्ता शहराच्या दुसऱ्या टोकालाही आहे. माझी सख्खी मावशी दक्षिण मुंबईतल्या एका नर्सरीत कामाला आहे. पोरांचं शी-शू करते, फरशी पुसते. तिथं तिचं पदच 'मावशी'. साहेबांची पोरं, त्यांच्या आया, प्रिन्सिपॉल, सगळे तिला मावशी म्हणतात, आणि मला कधी कधी प्रश्न पडतो की ती मला नक्की काय लागते. त्या नर्सरीत वर्षाची फी लाखात. खोलीला एसी, बुटके संडास, बुटकी बेसिनं, लाकडाची नामी खेळणी. तिथं वर्षातून एकदा मदतनिसांचा दिवस साजरा होतो. तीन वर्षांची पोरं नारिंगी जाकीट घालून, हातात प्लॅस्टिकचा चिमुकला झाडू घेऊन सफाई कामगार होऊन येतात. पालक फोटो काढतात. मग मावशीला पुढं बोलावून गुलाब देतात, पोरांनी रंगवलेलं कार्ड देतात. मावशीनं ते कार्ड घरी टीव्हीवर ठेवलंय, तिला आवडलं. कार्यक्रम संपल्यावर चमकीचा कचरा गोळा करायला तिला पाऊण तास जास्त थांबावं लागलं, हेही तिनंच सांगितलं. हसत.

त्या पोरांना कुणी वाईट शिकवत नाही. दया शिकवतात, आभार मानायला शिकवतात. पण 'आपले मदतनीस' ह्यातला 'आपले' म्हणजे कोण, हे तिथं न सांगता तिसऱ्या वर्षी पक्कं होतं. ज्यांना मदत होते ते आपण. जे मदत करतात ते ते. आणि गोवंडीच्या खोलीत तोच तक्ता लावला की आमच्या पोरांना त्याच 'आपण'मध्ये उभं राहून स्वतःच्या बापाला थँक्यू म्हणावं लागतं. असं सोवळं कुठल्या मनूला जमलं नसतं. इथं शिवाशिव नाही, मंत्र नाही, मारहाण नाही. एक रंगीत कागद आहे.

आणि मदतनीस हे सरकारचंही पद आहे, ह्याची आठवण करून देतो. अंगणवाडीत दोन बाया. एक सेविका, दुसरी मदतनीस. सेवा आणि मदत! कामगार हा शब्द नाही, शिक्षिका हा शब्द नाही, पगार तर नाहीच नाही. मानधन. म्हणजे मान आणि धन, दोन्ही नसलं की जे उरतं ते. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात १ लाख १० हजारांच्या आसपास. २०२३मध्ये महाराष्ट्रात सेविकेचं मानधन महिना १० हजार झालं आणि मदतनिसाचं साडेपाच हजार. त्यावर डिसेंबर २०२३मध्ये संप सुरू झाला, तो जानेवारी २०२४पर्यंत चालला, पन्नासेक दिवस बाया रस्त्यावर होत्या. पुढं निवडणुकीच्या तोंडावर आणखी काही वाढवलं. सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२२मध्ये सांगितलं की ह्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. म्हणजे आयुष्य घासल्यावर जाताना चार पैसे मिळावेत ह्यासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं. संपाच्या वेळी मी कुठं होतो? एका परिसंवादात होतो. विषय होता परिवर्तनवादी साहित्यापुढील आव्हाने.

साडेबाराला बचत गटाचा डबा आला. खिचडी. अंडं नाही. अंड्याचं राजकारण तुम्हाला माहीत आहे. शाळांच्या पोषण आहारात महाराष्ट्र सरकारनं अंडं घातलं आणि जानेवारी २०२५मध्ये त्याचे पैसे काढून घेतले, लोकवर्गणीतून द्या म्हणाले. आमच्या पोरांच्या ताटात काय असावं हे न खाणारे ठरवतात. खिचडीनंतर टीचरनं दंडाची पट्टी काढली. लाल, पिवळा, हिरवा. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत दंड भरला की लाल, म्हणजे पोर मरणाच्या काठावर. ज्या पोरांनी तासापूर्वी लाल ठोकळा ओळखला होता, ती आता एकमेकांच्या दंडाकडं वाकून रंग सांगत होती. "टीचर, हिचा पिवळा!" ज्या पोरीनं पानी मागितलं होतं तिचा पिवळा. माझ्या भाचीचा हिरव्याच्या काठावर.

मग टीचर फोन घेऊन बसली. २०२१पासून हे पोषण ट्रॅकर. वजन भरा, उंची भरा, फोटो काढा, नेट नाही, पुन्हा भरा. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या बायांनी सरकारी फोन परत नेऊन दिले होते, निकामी होते म्हणून. तासभर ती फोनशी झगडत होती आणि मी सव्वीस पोरांना सांभाळत होतो. मला गोष्ट सांगता येईना. मार्क्स येतो, फुले येतो, सौंदर्यशास्त्राचा बुरखा फाडायला येतो. कोल्ह्याची गोष्ट येईना. शेवटी एका पोरीनं मलाच सांगितली.

म्हणाल, बालवाडी हा मुळात पांढरपेशांचा चोचला. तसं नाही. जर्मनीत फ्रोबेलनं किंडरगार्टन काढलं आणि १८५१मध्ये प्रशियाच्या सरकारनं त्यावर बंदी घातली; नास्तिकपणा आणि समाजवाद पसरवतात असा आरोप. बंदी १८६०पर्यंत होती. चार वर्षांची पोरं मोकळी खेळली तर राज्य हलतं हे प्रशियाच्या मंत्र्याला कळलं होतं, आपल्याला नाही. माँटेसोरीबाईनं पहिलं बालघर उघडलं ते १९०७मध्ये, रोममधल्या सान लोरेंझो ह्या मजुरांच्या गलिच्छ वस्तीत. आईबाप कामाला गेले की पोरं जिन्यांवर भटकायची आणि भिंती खराब करायची, ती सांभाळायला कुणीतरी पाहिजे होतं. म्हणजे जिचं नाव लावून आज मलबार हिलवर लाखांची फी घेतात ती पद्धत आमच्यासारख्यांच्या पोरांबरोबर शिकून तयार झालेली. आपल्याकडं ताराबाई मोडक १९४५मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, पुढं कोसबाडला. अनुताई वाघ बरोबर. महागडी साधनं टाकून चिंचोके, शंख, शिंपले, दगड घेतले, आणि अस्पृश्यांची पोरं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या वारली पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. अंगणवाडी हा शब्द तिथला. ह्या बायांना मी नमस्कार करतो. पण तीही वरून खाली आलेली करुणा होती. अंगण आमचं, वाडी त्यांची. आणि सरकारनं शब्द उचलला, चिंचोके टाकून दिले.

आमच्या बाजूचा धागा वेगळा आहे. जोतिबा-सावित्रीनं १८४८मध्ये पुण्यात शाळा काढली, मग महारामांगांच्या पोरांसाठी काढल्या, आणि १८५५मध्ये त्यांच्या शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग पोरीनं धर्मालाच जाब विचारला. १८८२मध्ये हंटर कमिशनपुढं जोतिबांनी सांगितलं की रयतेच्या पैशावर वरच्यांची कॉलेजं चालवू नका, खालच्या पोरांचं शिक्षण सक्तीचं करा. आपण त्यातलं खालचं विसरलो. कॉलेजच्या गेटवर धरणं, बालवाडीच्या दारात सामसूम.

आणि ह्या विसरण्याची किंमत मोजून झालेली आहे. राज्यघटनेच्या कलम ४५मध्ये मोफत आणि सक्तीचं शिक्षण 'चौदा वर्षं पुरी होईपर्यंत' असं होतं. खालची मर्यादा नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत 'शिक्षण'च्या जागी 'प्राथमिक शिक्षण' घालायची दुरुस्ती आली तेव्हा बाबासाहेब उभे राहिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं : चौदा वर्षांखालच्या पोराला कामाला लावायला आपण बंदी घालतोय, मग त्या वयापर्यंत ते शाळेतच असलं पाहिजे. १९९३मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सुप्रीम कोर्टानं हा मूलभूत हक्क आहे म्हटलं. आणि २००२च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीनं काय केलं? हक्क दिला तो सहा ते चौदा. खालची सहा वर्षं कापली आणि कलम ४५ला नवं शेपूट लावलं, सहा वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी राज्य प्रयत्न करील. मोफत गेलं, सक्तीचं गेलं. उरली योजना, म्हणजे मेहेरबानी. त्या दुरुस्तीविरुद्ध आपल्या वस्तीत किती मोर्चे निघाले? आरक्षणाच्या एका टक्क्याला हात लागला तर आपण रेल्वे अडवतो. सहा वर्षं कापून नेली, आपल्याला पत्ता नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागांतून सरकारी शाळेजवळच्या खाजगी शाळा सोडवल्या, म्हणजे आमची पोरं त्यांच्या नर्सरीत नको. जुलै २०२४मध्ये हायकोर्टानं ते रद्द केलं. तेव्हाही कोर्टात गेले ते पालक आणि चार वकील. चळवळ जयंतीच्या तयारीत होती.

दोन वाजता पोरं सुटली. सफाईवाल्याचं पोरगं माझा हात धरून गल्लीच्या तोंडापर्यंत आलं. वाटेत बुद्धविहार लागतं. दोन मजली, फरशीचं, आत पंखे सहा, मागं संडास, पाण्याची टाकी. आपल्याच वर्गणीतून बांधलेलं, गेल्या वर्षी रंग दिला. सकाळी वंदना होते, संध्याकाळी कधी कार्यक्रम. दहा ते दोन त्याला कुलूप असतं. आणि पन्नास पावलांवर सव्वीस पोरं पत्र्याखाली.

मी अध्यक्षांकडं गेलो. ते म्हणाले, पोरं घाण करतील. म्हटलं, करतील, मी पुसतो. म्हणाले, सरकारी योजना आहे, विहारात कशी घ्यायची, कायदा बघावा लागेल. म्हटलं, बघू. म्हणाले, तक्ता कुठला लावणार, गणपती चालणार नाही. म्हटलं, तक्ता आपण काढू, पोरांना घेऊन, गल्लीतल्या वस्तूंचा. भ कशाचा ते पोरं ठरवतील. आणि मदतनिसांच्या तक्त्यावर तुमच्या वस्तीतल्या झाडूवाल्यांची नावं, त्यांचा ठेकेदार कोण, रोज किती मिळतो, गमबूट मिळतात का, हे सगळं लिहायचं. ते म्हणाले, एवढ्याशा पोरांना ठेकेदार कळणार आहे का? मी म्हटलं, भटजी कळतो ना?

कमिटीपुढं ठेवतो म्हणालेत. मीटिंग येत्या रविवारी संध्याकाळी सातला, विहारातच. टीचर येणार आहे, मदतनीस बाई येणार आहे, पाच-सहा आया येतील. पोरं कमी आहेत आपली. किल्ली अध्यक्षांच्या खिशात आहे.